थोडंसं चालत नाही, पण पुष्कळ काही चालतं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर माझा विषय लिहिला होता, 'ग्लुटेनविरहित आहार : एक दृष्टिक्षेप'. तो वाचून मलाच झोप आली. म्हणून मी त्यांना विनंती केली की 'सिलिअ‍ॅक माणसाची खाण्यापिण्यातली मजा' असं लिहा. त्यातल्या 'पिण्या'वर कमिटीच्या बैठकीत थोडी चर्चा झाली असं कानावर आलं. पण परवानगी मिळाली, त्याबद्दल आभार. आज मागच्या खुर्च्याही भरल्यात, त्याचं श्रेय माझ्या वक्तृत्वाला नसून त्या एका शब्दाला आहे हे मी जाणून आहे.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. माझी नोकरी कारखान्याच्या क्वालिटी विभागातली. पण गेली अकरा वर्षं मला सिलिअ‍ॅक आहे, आणि या अकरा वर्षांत मी घरी, हॉटेलात, लग्नात, बारशात, परगावी आणि परदेशी जेवले आहे. त्या अनुभवातून जे कळलं ते सांगते.

हा आजार आहे तरी काय?

बरेच जण याला गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणतात. ते तितकंसं बरोबर नाही. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिनं असतात. (राय म्हणजे मोहरी नव्हे! मागे एका काकूंनी माझ्यासाठी फोडणीतली मोहरी वेचून काढली होती.) पोळीची कणीक ताणली तरी तुटत नाही, पाव फुगतो, ते या ग्लुटेनमुळे. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं, की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आत टॉवेलला असतात तशी बारीक लव असते. अन्नातलं सत्त्व तिथून शोषलं जातं. ती लव झिजून सपाट होते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही.

कोणाला जुलाब होतात, कोणाचं पोट फुगतं, मुलांची उंची वाढत नाही, हाडं ठिसूळ होतात. काहींना पोटाचा त्रासच नसतो, फक्त गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही. तपासणी रक्ताची असते, आणि गरज पडली तर दुर्बिणीने आतड्याचा तुकडा घेऊन. एक गोष्ट आवर्जून सांगते. शंका आली म्हणून आधीच गहू बंद करून मग तपासायला जाऊ नका. गहू बंद असेल तर तपासणीत काही सापडत नाही. आधी डॉक्टर, मग पथ्य. आणि घरात एकाला निघाला, तर आईवडील, भावंडं, मुलं यांनीही तपासून घ्यावं.

आजार नवा नाही. सिलिअ‍ॅक हे नाव पोटासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलं, आणि अशा रोग्यांचं वर्णन अ‍ॅरेटिअस नावाच्या प्राचीन ग्रीक वैद्याने करून ठेवलंय. १८८७ साली लंडनच्या सॅम्युअल गी यांनी मुलांमधल्या या आजारावर व्याख्यान दिलं आणि इलाज असलाच तर आहारातच असेल असं सांगितलं. पण आहारातलं नेमकं काय, ते कळायला आणखी साठेक वर्षं गेली. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना आधीपासून गव्हाचा संशय होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये भयंकर उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला. सगळा देश खंगत होता, आणि ही आजारी मुलं मात्र सुधारत होती. पाव परत आला आणि मुलं पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी आपल्या प्रबंधात हे मांडलं. या आजाराला आजही औषधाची गोळी नाही. ग्लुटेन टाळणं हाच उपाय, आणि तो जन्मभराचा.

'थोडंसं खा, काही होत नाही'

हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा माझं नावही कोणी घेतलं नसेल. त्यात प्रेमच असतं, म्हणून रागावता येत नाही. पण आपण हिशोब करू. एका पोळीत ढोबळमानाने दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. सिलिअ‍ॅक माणसाला दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमपर्यंत बहुधा बाधत नाही असं तज्ज्ञ मानतात. म्हणजे एका पोळीचे दोनशे तुकडे करा, त्यातला एक तुकडा. हात झटकल्यावर ताटात पडतं तेवढं. म्हणून डब्यावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको, अशी मर्यादा जगात बहुतेक ठिकाणी आहे. आपल्या एफएसएसएआयचीही तीच आहे.

आणखी एक. मला लगेच काही झालं नाही, याचा अर्थ आत काही झालं नाही असा नाही. काहींना तासाभरात उलट्या होतात, काहींना काहीच कळत नाही, पण लव झिजतच राहते. त्यामुळे 'मागच्या वेळी खाल्लं तेव्हा ठीक होतीस की' हा पुरावा चालत नाही.

आपलं घरचं जेवण : अर्धी लढाई जिंकलेली

आता मजेकडे येते. मी महाराष्ट्रात राहते, यासारखं भाग्य नाही. पंजाबात ही वेळ आली असती तर काय केलं असतं कोण जाणे. आपल्याकडे ज्वारीची भाकरी, बाजरीची भाकरी, नाचणीची, तांदळाची. घावन, आंबोळी, धिरडं. पिठलं, झुणका, कोथिंबीर वडी, अळूवडी, उकडीचे मोदक, अनारसे, श्रीखंड, सोलकढी. यातला एकही पदार्थ 'पथ्याचा' म्हणून जन्माला आलेला नाही. हे सगळं मुळातच चविष्ट, आणि मुळातच बिनगव्हाचं.

आणि उपास! उपासाचं स्वयंपाकघर तर जणू माझ्यासाठीच केलेलं. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळं. कुट्टूला इंग्रजीत बकव्हीट म्हणतात, पण गव्हाशी त्याचं नात्यागोत्याचं काही नाही. एकादशीला सगळे तोंड पाडून बसतात, मी मात्र दोनदा वाढून घेते.

पण याच घरात चोरवाटाही आहेत, आणि त्या बाहेरच्यांना दिसत नाहीत.

पहिली हिंग. शुद्ध हिंग आपण वापरतच नाही. बाजारातल्या हिंगात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बरेचदा गव्हाचं. म्हणजे तांदळाच्या भातावर मुगाचं वरण, आणि वरणाच्या फोडणीत गहू. तांदळाच्या पिठातलं हिंग मिळतं, डबी उलटी करून वाचायची एवढंच.

दुसरी भाजणी. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत गहू असतो. मेतकुटातही असतो. सातूच्या पिठात तर असतोच. मुलांच्या दुधात घालायच्या माल्टवाल्या पावडरीत जव. सोया सॉसमध्ये गहू, म्हणून नुसता चायनीज फ्राइड राईससुद्धा बाद.

तिसरी, आणि सगळ्यात मोठी, गिरणी. आपण ज्वारी स्वच्छ निवडून, धुऊन, वाळवून गिरणीत नेतो. तिथे आपल्या आधी कोणाचे तरी पाच किलो गहू दळलेले असतात. जात्याच्या फटीत राहिलेलं ते पीठ आपल्या ज्वारीत उतरतं. आमच्या कारखान्यात एका मालानंतर दुसरा माल लावताना आधी लाइन पूर्ण रिकामी करतात, कागदावर सह्या होतात. गिरणीवाल्याकडून मी सह्यांची अपेक्षा करत नाही. म्हणून मी घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच घातला नाही. पोळपाट-लाटणं, परात आणि कणकेचा डबाही वेगळा. एकदा एवढं लावून दिलं की रोज विचार करावा लागत नाही.

हॉटेलात

खरी परीक्षा बाहेर. लोक विचारतात, मग तू हॉटेलात जातच नसशील? जाते, आणि चांगली आडवा हात मारून येते. कुठे काय मागायचं ते मात्र ठरलेलं आहे.

दाक्षिणात्य हॉटेलात इडली. तांदूळ आणि उडीद, आणि वाफेवर शिजते, त्यामुळे तव्याचा प्रश्न नाही. डोसा चालतो, पण त्याच तव्यावर रवा डोसा होत असेल तर नाही. सांबारात हिंग, म्हणून चटणीवर भागवते. मालवणी खानावळीत तांदळाची भाकरी, माशाचं कालवण आणि सोलकढी. तळलेला मासा मागताना मात्र विचारायचं, वरून रवा लावता की तांदळाचं पीठ? काही ठिकाणी 'तुमच्यासाठी नुसतं पीठ लावतो, तवा पुसून घेतो' म्हणतात. तो सुरमईचा तुकडा मला जगातल्या कुठल्याही पक्वान्नापेक्षा गोड लागतो. सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. तिथल्या ज्या मावशींकडे मी बसते त्यांनी हिंगाशिवायचं पिठलं वेगळ्या कढल्यात करून द्यायची सवय लावून घेतलीय.

टाळायचं काय? एकाच कढईत समोसे आणि बटाटेवडे तळले जात असतील तर वडा. साबुदाणा वडासुद्धा. नान भाजतात त्या तंदूरमधलं काहीही. आणि दाट, चकचकीत ग्रेव्ही, कारण दाटपणासाठी मैदा पडलेला असू शकतो.

एकदा एका नावाजलेल्या हॉटेलात मी विचारलं, ग्रेव्हीत मैदा आहे का? वेटर जागचा हललासुद्धा नाही. 'नाही मॅडम, बिनधास्त खा' म्हणाला. पुढचे तीन दिवस मी घरात पडून होते. नंतर फोन करून विचारलं तेव्हा मालकांनी प्रांजळपणे सांगितलं, की कॉर्नफ्लोअर संपलं होतं म्हणून त्या दिवशी मैदा घातला होता. त्या वेटरचा हेतू वाईट नव्हता. पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नाही, असं त्याला शिकवलेलं होतं.

तेव्हापासून माझी पसंतीची हॉटेलं कोणती, तर जिथला माणूस म्हणतो, 'मला माहीत नाही, आत विचारून येतो.' असं म्हणून तो आत गेला की मी निश्चिंत. आणि परत येऊन त्याने 'तुम्ही हे नका घेऊ' सांगितलं तर मी त्याला टिप जास्त देते. माझ्या लेखी त्याने माझी उत्तम सरबराई केलेली असते.

कोणी म्हणेल, आपल्या हॉटेलांना हे जमणार नाही. मला पटत नाही. 'जैन' हा एक शब्द उच्चारला की वेटरपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळतं, कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. 'उपासाचं' म्हटलं की कढई वेगळी, झारा वेगळा. आपल्या आज्यांनी सोवळ्या-ओवळ्यात जन्म काढला. शिवाशीव म्हणजे काय हे आपल्याला शिकवायला परदेशातून कोणी यायला नको. सवय आहे, शिस्त आहे. फक्त त्या यादीत अजून एक शब्द रुळायचा आहे.

बाहेरच्या देशांत काय करतात

कामानिमित्त मला इटली आणि स्पेनला जावं लागतं. पहिल्यांदा मिलानला जाताना मी बॅगेत राजगिऱ्याचे लाडू आणि मुरमुऱ्याचा चिवडा भरून नेला होता, कारण पिझ्झा-पास्त्याच्या देशात मी खाणार काय? प्रत्यक्षात उलट झालं. तिथे 'सेंझा ग्लुतिने' म्हटलं की समोरचा माणूस गंभीर होतो. पहिला प्रश्न विचारतो, तुम्हाला सिलिअ‍ॅक आहे, की आवड म्हणून टाळता? मी सिलिअ‍ॅक म्हटल्यावर पीठ वेगळं, ओटा वेगळा, भट्टी वेगळी. त्या रात्री मी कित्येक वर्षांनी पिझ्झा खाल्ला. कडा कुरकुरीत होत्या, आणि मी त्या ताटात ठेवल्या नाहीत.

हे आपोआप झालेलं नाही. इटलीत रोग्यांची स्वतःची संघटना आहे. ती हॉटेलांना प्रशिक्षण देते आणि जे नियम पाळतात त्यांची यादी ठेवते. २००५ साली तिथे कायदा झाला. त्यानुसार शाळा, रुग्णालयं आणि सरकारी कॅन्टीनमध्ये सिलिअ‍ॅक माणसाला मागितल्यावर ग्लुटेनविरहित जेवण मिळालं पाहिजे. रोग्यांना असं खास अन्न घ्यायला सरकार दरमहा ठरावीक रकमेची मदतही करतं. शिवाय संपूर्ण युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून, प्रत्येक हॉटेलाने आपल्या पदार्थात ग्लुटेनयुक्त धान्यासह चौदा गोष्टींपैकी काय आहे ते ग्राहकाला सांगणं सक्तीचं आहे. आपल्याकडेही २०२० च्या नियमांनुसार दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यायची आहे. तेव्हा मोठ्या साखळी हॉटेलात बेधडक विचारा. तो आपला हक्क आहे.

आता ज्याची वाट पाहताय ते : बिअर

न पिणाऱ्यांनी हा भाग ज्वारीचा अभ्यास म्हणून ऐकावा. आणि तरुण मुलांनी कायद्याचं वय आणि परवाना लक्षात ठेवावा, नाहीतर तुमच्या आया उद्या माझ्या दारात.

बिअर जवाची असते. जव भिजवतात, मोड आणतात, भट्टीत वाळवतात. त्याला माल्ट म्हणतात. मोड आल्याने धान्यात अशी विकरं तयार होतात, की ती पिठूळपणाची साखर करतात. मग यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. कडूपणा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा. जवात विकरं भरपूर, शिवाय त्याचं टरफल गाळणीसारखं उपयोगी पडतं. म्हणून सगळ्या जगाने जव धरला. आणि म्हणूनच साधी बिअर मला वर्ज्य.

यातून दोन वाटा निघाल्या आहेत. पहिली वाट, धान्यच बदलायचं. आणि ते धान्य कोणतं? आपली ज्वारी! आफ्रिकेत ज्वारीची पारंपरिक बिअर पिढ्यान्‌पिढ्या करतात. १९८८ साली नायजेरियाने जवाच्या माल्टच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तिथले मोठमोठे कारखानेही ज्वारीकडे वळले. अमेरिकेत २००६ साली अनहायझर-बुश या बड्या कंपनीने ज्वारीची 'रेडब्रिज' काढली. कॅनडात माँट्रियलची 'ग्लूटेनबर्ग' बाजरीच्या जातीची धान्यं आणि कुट्टू वापरते. हे काम सोपं नाही. ज्वारीला जवासारखं टरफल नाही, तिच्या माल्टमध्ये विकरं कमी, आणि तिचं पीठ शिजायला उष्णता जास्त लागते. भाकरी करणाऱ्या बायकांना हे सांगायला नको, उकळतं पाणी घातल्याशिवाय ज्वारी वळत नाही. त्यामुळे चवही वेगळी लागते. अंगाने हलकी, किंचित आंबूस, फेस लवकर बसणारी. ज्यांना आंबील आवडते त्यांना ती आवडेल. बाजरी-कुट्टूची जरा भरीव, भाजक्या दाण्यांच्या वासाची.

दुसरी वाट, बिअर जवाचीच करायची, पण करताना एक विकर घालून ग्लुटेनचे तुकडे करायचे. बार्सिलोनाच्या 'डाम' कंपनीची 'डाउरा' ही २००६ सालची अशी बिअर. मी ती तिथल्याच एका छोट्या बारमध्ये घेतली. जवाचा तो खमंग, बिस्किटासारखा वास आणि शेवटचा कडवटपणा, सगळं जागच्या जागी. समोरच्या सहकाऱ्याचा ग्लास आणि माझा ग्लास यांत फरक दिसत नव्हता. तुम्हाला कदाचित हसू येईल, पण मला ते फार मोठं वाटलं. इतकी वर्षं टेबलावर सगळ्यांपुढे बिअर आणि माझ्यापुढे लिंबूपाणी. लिंबूपाण्यात वाईट काही नाही, पण दर वेळी त्याची कारणं सांगावी लागतात.

पण इथे सावध राहायचं. युरोपात अशी बिअर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या मर्यादेत असली तर तिला 'ग्लुटेन-फ्री' म्हणता येतं. अमेरिकेत मात्र म्हणता येत नाही. तिथलं म्हणणं असं, की आंबवलेल्या पेयात ग्लुटेनचे तुकडे झालेले असतात आणि ते नेमके मोजण्याची खात्रीची पद्धत अजून नाही, म्हणून मूळ धान्यच ग्लुटेनविरहित हवं. क्वालिटीत काम करणारी बाई म्हणून मला हा मुद्दा पटतो. त्यामुळे मी पहिला मान ज्वारी-बाजरीवाल्या बिअरला देते, जवाची क्वचित, एकच, आणि तब्येत बरी असताना. तुमच्यापैकी कोणाला हा आजार असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

इथे पुण्यात बसून अशी बिअर मिळवणं सोपं नाही. पण म्हणून तोंड कोरडं राहत नाही. नाशिकची वाईन द्राक्षांची, गोव्याची फेणी काजूच्या बोंडांची किंवा माडाची, सायडर सफरचंदांची, मीड मधाची. पुण्यात मीड करणारी एक मीडरीदेखील आहे. यांच्या मुळाशी धान्यच नाही. तरी वरून घातलेल्या स्वादांसाठी लेबल वाचायचं. आणि माझं एक स्वप्न आहे. सोलापूरकडच्या मालदांडी ज्वारीची झकास भाकरी आपण जगाला दाखवतो, तशी तिची झकास बिअरही कोणीतरी काढावी. आपल्या सोसायटीत एवढे अभियंते आणि केमिस्ट आहेत. निवृत्तीनंतर काय करायचं हे ज्यांना सुचत नाही त्यांनी मला भेटावं.

आपल्या सोसायटीत

शेवटचा भाग थोडा गंभीर आहे. मी पन्नाशीची बाई. मला 'नको' म्हणता येतं, लिंबूपाण्यावर विनोद करता येतो. पण आपल्या सोसायटीत माझ्यासारखंच एक शाळकरी मूलही आहे. त्याच्या आईची परवानगी घेऊन सांगते. गेल्या वर्षी त्याचं निदान झालं. तोपर्यंत ते प्रत्येक वाढदिवसाला सगळ्यात आधी हजर असायचं. आता त्याची आई त्याला केक कापून झाल्यावर पाठवते, म्हणजे त्याला बघत बसायला नको. आणि हल्ली ते म्हणतं, मला जायचंच नाही. औषधाशिवाय आटोक्यात राहणारा आजार आहे हा, पथ्य पाळलं की आतडं सुधारतं, उंची वाढते. पण वाढदिवसांना न जायची सवय लागली, तर ती कुठल्या पथ्याने जाणार?

सत्यनारायणाला प्रसाद रव्याच्या शिऱ्याचा. तो हातावर घेऊन खाल्ला नाही की लोकांना वाटतं प्रसादाचा अपमान केला. लहान मुलाला हे समजावून सांगता येत नाही. ते घाबरून खाऊन टाकतं आणि रात्रभर रडतं.

आपण आग्रहाची माणसं आहोत, आणि मला आग्रह आवडतो. माझी विनंती एवढीच, की आमच्यासारख्यांना आग्रहाबरोबर माहिती द्या. पुढच्या महिन्यात आपलं रौप्यमहोत्सवी स्नेहभोजन आहे. त्यासाठी चार गोष्टी सुचवते. खर्च जवळजवळ नाही.

एक, प्रत्येक पातेल्यासमोर पदार्थाच्या नावाखाली एक ओळ लिहा : गहू, रवा, मैदा, हिंग आहे की नाही. आचाऱ्यांना माहीत नसेल तर 'माहीत नाही' असंच लिहा, तेही चालेल.

दोन, पुऱ्या आणि भजी एका कढईत तळू नका. भजी आधी तळून घ्या, पुऱ्या मागून.

तीन, ज्यांना हे पथ्य आहे त्यांना पहिल्या पंगतीत वाढा. वाढप सुरू झालं की पुरीचा चमचा भातात आणि भाताचा डाव भाजीत जातो. हे थांबवणं कोणाच्याच हातात नाही. सगळ्यात आधी वाढून घेतलं की प्रश्न मिटला.

चार, प्रसादाला शिऱ्याबरोबर केळं किंवा पंचामृत ठेवा. आणि मुलांच्या वाढदिवसाला एकदा नाचणीचा किंवा तांदळाच्या पिठाचा केक करून बघा. बदाम आणि चॉकलेट घालून होतो, छान होतो. कृती मी देईन, भांडी माझी वापरा. पण तो केक एकट्या त्या मुलासाठी बाजूला करू नका. सगळ्यांसाठी तोच करा, म्हणजे त्याला पहिल्या रांगेत उभं राहून टाळ्या वाजवता येतील.

आणि आमच्या घरी कोणीही, केव्हाही या. भाकरी टाकायला मला दहा मिनिटं लागतात. घरघंटी बघायची असेल तर तीही दाखवीन. कोणाला लेबलं वाचायला शिकायचं असेल, तपासणीबद्दल काही विचारायचं असेल, तर रविवारी सकाळी मी घरीच असते.

आपली सोसायटी पंचवीस वर्षं एकत्र जेवत आली आहे. पहिल्या वर्षी पाण्याचा टँकर यायचा तेव्हा जिन्यात बसून खिचडी खाल्लेली मंडळी इथे समोर आहेत. पुढची पंचवीस वर्षंही अशीच एका पंगतीत जावोत, या शुभेच्छा देते आणि माझं बोलणं संपवते. चहाबरोबर आज राजगिऱ्याच्या वड्या आणि तांदळाच्या चकल्या ठेवल्या आहेत. त्या सगळ्यांसाठी आहेत, मीसुद्धा घेणार आहे.